कोट्यवधींच्या धर्मशाळा उभारल्या, पण गाडगेबाबांनी घरच्यांना त्यात हक्क का दिला नाही?

गावाकडून एखादा पेशंट मुंबईत टाटा हॉस्पिटलला आला की घरच्यांना आधी प्रश्न पडतो तो राहायचं कुठे? लॉजचं भाडं परवडत नाही आणि उपचार तर महिनोन्‌महिने चालतात. अशा वेळी कुणीतरी दादरच्या धर्मशाळेचा पत्ता देतं. या धर्मशाळेला नाव आहे गाडगे महाराजांचं.

आपल्याला गाडगेबाबा माहिती असतात ते हातातल्या खराट्यामुळे. पण दान कसं करायचं, कुणाला करायचं याचा या माणसाने आयुष्यभर विचार केला. तो किस्सा मात्र फारसा कुणी सांगत नाही.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या नादाने लवकर गेले. आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू मामाच्या शेतात राबत, गुरं राखत मोठा झाला. शाळेचं तोंड काही पाहायला मिळालं नाही.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला भावकीला मटण आणि दारू देण्याची पद्धत होती. कर्ज काढून का होईना, पण पंगत उठवायचीच. डेबूजींनी ही पद्धत मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. भावकी नाराज झाली, पण ते मागे हटले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर मातीचं गाडगं आणि हातात खराटा. त्या गाडग्यातच खायचं, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव पडलं.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे.

बाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारं साफ करायचे. कुणाच्या दारात भाकरी मागायची तर त्याआधी त्या घरचं काहीतरी काम करून द्यायचे. फुकटची भाकरी त्यांना नको होती.

आता आपल्याकडची दानाची परंपरा बघा. ग्रहण सुटलं की दान, संक्रांतीला दान, श्राद्धाला दान. तीर्थाला गेलं की दक्षिणा द्यायची आणि बाहेरच्या रांगेत चिल्लर टाकायची. या सगळ्यात हिशेब असतो तो देणाऱ्याच्या पुण्याचा. घेणाऱ्याचं पोट भरलं का, हे विचारायला कुणी थांबत नाही.

बाबांनी कीर्तनातून नेमकं यावरच बोट ठेवलं. वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. देवाला नवस, बकऱ्याचा बळी, कर्ज काढून केलेली यात्रा यातून देव भेटत नाही, भुकेल्याला अन्न द्या, उघड्याला वस्त्र द्या, गरिबाच्या पोराला शाळेत घाला, असं त्यांचं सांगणं असायचं.

नुसतं सांगून ते थांबले नाहीत. ऋणमोचनच्या यात्रेत भाविकांचे हाल व्हायचे, म्हणून पूर्णा नदीवर त्यांनी घाट बांधून घेतला. तिथेच आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान सुरू केलं. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना कुणी ओसरीही देत नव्हतं, तेव्हा त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली.

पैसा लोकांचा होता. शेठ-सावकारांनी दिला, तसाच शेतकऱ्यांनीही दिला. बाबांच्या वाट्याला मात्र गाडग्यातली भाकरीच राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चरित्रकार सांगतात की बाबांनी या संस्थांच्या कारभारात नातेवाइकांना जागा दिली नाही. त्यांची पत्नी कुंताबाई झोपडीत राहत होत्या. घरच्यांवर हा अन्याय नाही का, असं कुणालाही वाटेल. कुंताबाईंनी सोसलं ते सोपं नव्हतंच. पण बाबांचा हिशेब सरळ होता. लोकांनी गरिबांसाठी दिलेला पैसा आपल्या घरात वळला, तर ते दान उरत नाही.

पुढे चोखामेळा धर्मशाळाही त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आपण उभं केलेलं, मुलांच्या शिक्षणासाठी देऊन मोकळे झाले.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनीही प्राण सोडला. मागे स्वतःच्या मालकीचं घर नव्हतं.

आज बिस्किटचा पुडा देतानाही आपण आधी मोबाईल काढतो. आणि इकडे बाबांच्या धर्मशाळेत उतरणाऱ्या पेशंटला, आपल्या डोक्यावरचं हे छप्पर कुणाच्या पैशातून आलं, हे आजही माहिती नसतं.