वक्रोक्तीचा 'काळ'

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. संस्कृतचा गाढा व्यासंग, पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजातील अध्यापन आणि श्रोत्यांना खिळवून ठेवणारे वक्तृत्व ही त्यांची आरंभीची ओळख. मराठी मनात त्यांना कायमचे स्थान मिळाले ते मात्र 'काळ'कर्ते म्हणून.

'काळ' साप्ताहिकाचा पहिला अंक २५ मार्च १८९८ रोजी पुण्यात निघाला. पत्र काढण्यासाठी याहून प्रतिकूल मुहूर्त शोधूनही सापडला नसता. १८९७ मध्ये रँडचा वध झाला होता. राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळक तुरुंगात होते. आणि १८९८ च्या आरंभीच सरकारने दंडविधानातील १२४-अ कलमाची व्याप्ती वाढवली होती. सरकारविषयीचा द्वेष, तुच्छता, अप्रीती, इतकेच काय पण निष्ठेचा अभावही आता गुन्ह्याच्या कक्षेत येत होता. उघड बोलणे म्हणजे तुरुंगाचे दार ठोठावणे, अशी ती वेळ होती.

शिवरामपंतांनी यावर शोधलेला उपाय संस्कृत अलंकारशास्त्रातला होता. वक्रोक्ती आणि व्याजस्तुती ही त्यांची शस्त्रे. राज्यकर्त्यांचे गुणगान असे काही करावे की, वाचक मनातल्या मनात हसावा आणि हसता हसता पेटून उठावा. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सार काढण्यासाठी मुंबई सरकारची स्वतंत्र भाषांतर कचेरी होती. तिच्यापुढे पेच होता तो हाच. शब्दांचे भाषांतर करता येते. उपरोधाचा सूर कागदावर कसा उतरवायचा? खटल्याचा विचार सरकारदरबारी वेळोवेळी होऊनही 'काळ' दहा वर्षे निभावला, यात या शैलीचा वाटा मोठा होता. तरुण सावरकरांसह एक पिढीच या पत्रावर पोसली गेली. अलंकारांचा सोस कधी कधी अति होई, हेही खरे. पण त्या काळच्या वाचकाला तो खटकला नाही.

१९०८ च्या मुजफ्फरपूर बाँबस्फोटानंतर सरकारने संयम सोडला. त्यासंबंधीच्या लेखनावरून जूनमध्ये शिवरामपंतांना अटक झाली. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत आलेल्या टिळकांनाही २४ जूनला सरदारगृहात पकडण्यात आले. जुलैमध्ये परांजपे यांना १९ महिन्यांची आणि त्यानंतर टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगवासाने जे साधले नाही, ते अखेर पैशाने साधले. १९१० च्या मुद्रण कायद्याने पत्रांकडून आगाऊ जामीन मागण्याचा अधिकार सरकारला दिला. खटला नको, पुरावा नको, वकिलाचा युक्तिवादही नको. 'काळ'कडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला. वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या साप्ताहिकाला ही रक्कम पेलणारी नव्हती. 'काळ' बंद पडला. पुढे त्यातील निवडक निबंधांच्या संग्रहावरही सरकारने बंदी घातली. चालू अंकाची धास्ती समजू शकते. येथे जुने, वाचून झालेले लेखही सरकारला सोसवेनात.

शिवरामपंतांनी नाटके, कादंबरी आणि इतिहासाकडे लेखणी वळवली. १९२० मध्ये 'स्वराज्य' साप्ताहिक काढले. १९२२ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, मुळशी सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी पुन्हा सहा महिन्यांचा कारावास पत्करला. १९२९ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मराठी सारस्वताने त्यांना दिले. ज्या निबंधांमुळे हा मान त्यांच्याकडे चालत आला, ते मात्र तेव्हाही बंदीतच होते. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. ती बंदी उठलेली त्यांना पाहता आली नाही.