नेपोलियन : क्रांतीचा वारस की वैरी?

नेपोलियन बोनापार्टचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजी कॉर्सिका बेटावर झाला. १७८९ च्या क्रांतीने जन्मसिद्ध अधिकारांचे कडे तोडले, गुणांना वाव मिळाला आणि तोफखान्यातील हा तरुण अधिकारी चोविसाव्या वर्षीच सेनानी झाला.

नोव्हेंबर १७९९ मध्ये लष्कराच्या बळावर त्याने सत्ता हस्तगत केली. दहा वर्षांच्या उलथापालथीने थकलेल्या फ्रेंच जनतेला स्थैर्य हवे होते; ते त्याने दिले. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स स्थापन झाली, १८०१ मध्ये पोपशी समेट झाला आणि १८०४ च्या नागरी संहितेने जन्मावरून मिळणारे विशेषाधिकार नाकारले. परंतु त्याच संहितेने पत्नीला पतीच्या आज्ञेत बांधले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. १८०२ मध्ये वसाहतींत गुलामगिरीला पुन्हा मान्यता मिळाली. अखेर २ डिसेंबर १८०४ रोजी क्रांतीचा हा सेनानी स्वहस्ते मुकुट धारण करून सम्राट झाला!

१८१२ च्या रशियन मोहिमेने त्याचे सैन्य खचले, १८१५ मध्ये वॉटर्लूने राज्य गेले. ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर बंदिवासात त्याचा अंत झाला. साम्राज्य लयास गेले. संहिता मात्र टिकली. स्थैर्यासाठी स्वातंत्र्य गहाण टाकणाऱ्या राष्ट्राला केवढी किंमत मोजावी लागते, हेच त्याचे चरित्र आपल्याला सांगते.