धन्यवादित निकोलस स्टेनो: शरीरशास्त्रज्ञ आणि बिशप



टाचेच्या मागे बोटांनी चाचपले की एक घट्ट दोरी हाताला लागते. तिला कंडरा म्हणतात. पोटरीचा स्नायू आखडतो, कंडरा ती ओढ हाडापर्यंत नेते आणि टाच उचलली जाते. कंडरा स्वतः जोर लावीत नाही. पण ती तुटली, तर पोटरी कितीही बळकट असो, त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही.

स्नायू आणि कंडरा यांची रचना उलगडून दाखवणाऱ्या एका शास्त्रज्ञाला ख्रिस्तसभेने धन्यवादित म्हणून गौरवले आहे. त्यांचे नाव निकोलस स्टेनो.

स्टेनो यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे एका ल्युथरपंथी सोनाराच्या घरी झाला. वैद्यक शिकत असताना १६६० साली, मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना, त्यांना गालातील लाळेची नळी सापडली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. हृदय हा एक स्नायूच आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. मेंदूकडून येणाऱ्या सूक्ष्म द्रव्याने स्नायू फुगतो आणि अवयव हलतो, असे त्या काळचे अनेक विद्वान मानीत. स्टेनो यांनी १६६७ सालच्या ग्रंथात भूमितीच्या आधारे वेगळा विचार मांडला. स्नायूचा तंतू मध्ये मांसल आणि दोन्ही टोकांना कंडरेचा असतो. मांसल भाग आखडतो. त्यासाठी स्नायूचे आकारमान वाढावे लागत नाही.

याच काळात त्यांच्या मनात दुसराही शोध चालू होता. १६६६ साली इटलीतील लिव्होर्नो शहरात त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली. एक तर हे सारे लोक भ्रमात आहेत, किंवा येथे ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे, हा विचार त्यांना सोडीना. अभ्यास आणि प्रार्थनेनंतर नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली.

१६७५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६७७ साली ते बिशप झाले. उत्तर युरोपात विखुरलेल्या कॅथलिकांची सेवा त्यांच्याकडे आली. गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपची अंगठी आणि क्रूसही विकला. म्युन्स्टर येथे नव्या बिशपच्या निवडीत पैशाचा व्यवहार झाल्याचे पाहून १६८३ साली त्यांनी ते शहर सोडले. ५ डिसेंबर १६८६ रोजी जर्मनीतील श्वेरिन येथे, अवघ्या ४८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

स्टेनो यांना जे सत्य पटले ते हातापायांपर्यंत पोहोचले. म्हणून अंगठी विकली गेली, म्हणून पाय म्युन्स्टरमधून बाहेर पडले. रविवारी मिस्सेत आपलीही श्रद्धा बळकट असते. सोमवारी मजुराची मजुरी वेळेवर देताना, अबोला धरलेल्या भावाच्या दारात जाताना, ती हाडापर्यंत पोहोचते का? नसेल, तर कुठे तुटते आहे, ते या आठवड्यात प्रार्थनेत शांतपणे पाहू या.