सुनीती सॉलोमन

डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरचे आडनाव गायतोंडे, मृत्यू : २८ जुलै २०१५, चेन्नई) या भारतातील एचआयव्ही संसर्गाच्या पहिल्या निदानाशी निगडित वैद्यकीय संशोधक होत. मद्रासमध्ये (आताचे चेन्नई) चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्या जन्मल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण घेऊन आणि परदेशात विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन त्या १९७३ मध्ये परतल्या व त्याच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. पती व्हिक्टर सॉलोमन हृदयशल्यविशारद होते.

एड्स हा पाश्चात्त्यांचा रोग, अशी समजूत त्या काळी डॉक्टरांतही होती. त्यामुळे शिष्या सेल्लप्पन निर्मला यांना त्यांनी प्रबंधासाठी हा विषय सुचवला, हे धाडसच म्हणावे लागेल. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. १९८६ च्या आरंभी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझा चाचणी झाली, तेव्हा सहा नमुने संसर्गबाधित आढळले. ही चाचणी विषाणू नव्हे, तर शरीरात त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते आणि क्वचित चुकतेही. म्हणून अमेरिकेत फेरतपासणी करून घेण्यात आली. निष्कर्ष तोच निघाला.

निदान झाले, पण औषध नव्हते. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झिडोव्ह्यूडिन सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होते. हाती उरले ते गुंतागुंतींवरचे उपचार : क्षयरोग, बुरशीजन्य संसर्ग, न्यूमोनिया. रुग्णाला स्पर्श करण्यासही अनेक जण कचरत असताना हे काम सोपे नव्हते. १९९३ मध्ये शासकीय नोकरी सोडून त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. चाचणी, समुपदेशन आणि उपचार तेथे एकाच छताखाली मिळू लागले. संसर्ग झालेल्या बहुसंख्य विवाहित स्त्रियांचा संबंध केवळ स्वतःच्या पतीशीच आलेला होता, हे या केंद्राच्या अभ्यासातून पुढे आले. दोष मात्र बहुधा त्या स्त्रीलाच दिला जाई.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला आणि २००४ पासून शासनाने मोफत औषधे सुरू केली. रुग्ण दीर्घकाळ जगू लागले, तसे त्यांच्या विवाहाचे प्रश्न उभे राहिले. सॉलोमन यांनी संसर्गित वधू-वरांच्या सोयरिकीही जुळवल्या.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.