मळ्यातील वारकरी : श्रीसंत सावता महाराज

आषाढीचा पर्वकाळ जवळ आला की संतांच्या पालख्या पंढरीची वाट चालू लागतात. आळंदीहून श्रीज्ञानदेव, देहूहून श्रीतुकोबा, त्र्यंबकेश्वराहून श्रीनिवृत्तिनाथ निघतात. परंतु सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या अरण गावाहून श्रीसावता महाराजांची पालखी निघत नाही. उलट, एकादशीचा सोहळा आटोपल्यावर पांडुरंगाचीच पालखी अरणास त्यांच्या भेटीला जाते, अशी परंपरा आहे. हा मान एका माळ्यास कशामुळे लाभला?

सावतोबांचा जन्म शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० मधला. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी होते. वडील पुरसोबा व माता नांगिताबाई यांनी तोच वारसा पुढे चालविला. भेंड गावच्या जनाबाईंशी सावतोबांचा विवाह झाला. विठ्ठल व नागाताई ही दोन अपत्ये झाली. मळा पिकवावा आणि मुखाने नाम घ्यावे, एवढाच त्यांचा दिनक्रम.

कोरडवाहू शेतकरी पेरणी उरकून वारीस जाऊ शकतो. भाजीच्या मळ्याचे तसे नाही. मोट धरावी, पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांत फिरवावे, तण खुरपावे, हे नित्याचे काम. चार दिवस पाणी चुकले तर कोवळी रोपे माना टाकतात. सावतोबांनी यावर तक्रार केली नाही आणि तिचे निमित्तही केले नाही. विहीर, मोट, दोर, भाजीपाला या सर्वांत त्यांनी विठ्ठलच पाहिला. स्वकर्माने ईश्वराची अर्चा करावी, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. तेराव्यात देहालाच क्षेत्र म्हटले आहे. हे अध्याय भाष्यांसह अभ्यासण्यात आमची उमर गेली. सावतोबांनी तेच तत्त्व चिखलात पाय रोवून आचरिले.

त्यांचा संसारही सुरळीतच होता असे नव्हे. एकदा सासरची मंडळी घरी आली असता सावतोबा भजनात तल्लीन होते. पाहुण्यांची विचारपूस राहून गेली. जनाबाई संतापल्या. त्यांचा राग अनाठायी होता असे कोण म्हणेल? माहेरच्या माणसांचा मान राखला जावा, ही प्रत्येक स्त्रीची रास्त अपेक्षा. सावतोबांनी रागास रागाने उत्तर दिले नाही. मृदू शब्दांनी त्यांची समजूत घातली. वाफ्यातले तण उपटताना रोपास धक्का लागू नये, ही माळ्याची हातोटी त्यांनी घरातही सांभाळली.

एक आख्यायिका भाविकांच्या परिचयाची आहे. ज्ञानदेव व नामदेवांसह जाणारा पांडुरंग वाटेत अरणास वळला, धावत मळ्यात शिरला आणि लपण्यास जागा मागू लागला. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपले हृदय उघडून देवास आत ठेविले. देवाचा क्षणाचाही विरह न साहणारे नामदेव त्यास शोधत फिरले आणि अखेर तो एका माळ्याच्या अंतरी सापडला. तेथे शस्त्र नव्हते, यज्ञपात्र नव्हते. रोज तण काढणारे खुरपेच होते. ज्याने नित्य मळा निर्मळ ठेविला, त्याच्याच हाती अंतःकरण उघडण्याचे साधन असते, हा या कथेचा भावार्थ.

आषाढ वद्य चतुर्दशीस, शके १२१७ मध्ये (इ. स. १२९५) सावतोबांनी अरण येथे देह ठेविला. वय अवघे पंचेचाळीस. काशिबा गुरवांनी लिहून ठेविल्यामुळे त्यांची अभंगवाणी टिकली. आज त्यांतील ३७ अभंग उपलब्ध आहेत.

कीर्तन संपल्यावर एखादी माउली पदराने डोळे टिपत सांगते, की घरी सासरे अंथरुणास खिळलेले, म्हणून यंदाही वारी चुकली. त्या माउलीस सावतोबांचे चरित्र हेच उत्तर आहे. तिची पंढरी त्या अंथरुणापाशी आहे. मात्र याच चरित्राचा आधार घेऊन आळसास कर्मयोग म्हणू नये. सावतोबा वारीस गेले नाहीत, पण त्यांचा एकही वाफा कोरडा राहिला नाही आणि नामही खंडले नाही. आपल्या वाट्याच्या वाफ्यास आज पाणी पोहोचले का, हे वाचकहो, ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. रामकृष्ण हरी.