मौनाचे पथ्य देणारा गायनगुरू

१८४१ च्या उन्हाळ्यात स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड पॅरिसला मॅन्युएल गार्सिया यांच्या दारी आली, तेव्हा तिचा आवाज जवळजवळ गेला होता. कोवळ्या वयापासून स्टॉकहोमच्या रंगभूमीवर सतत गाऊन गळा पार थकला होता. गार्सिया यांनी तिचे गाणे ऐकले आणि शिकवण्यास नकार दिला. सहा आठवडे गाणे बंद, बोलणेही शक्य तितके कमी, असे पथ्य सांगून त्यांनी तिला परत पाठवले. नावारूपाला आलेल्या गायिकेला ही शिक्षाच वाटली असणार; पण तिने ती पाळली.

मौनानंतर आवाजात पुन्हा धुगधुगी दिसली. मग आठवड्यातून दोनदा तालीम सुरू झाली, तीही अगदी श्रीगणेशापासून! अतिशय संथपणे स्वर चढायचे, उतरायचे, श्वास सांभाळायचा. सुमारे दहा महिने हे चालले. १८४७ मध्ये याच आवाजाने लंडनला वेड लावले.

गार्सिया यांना हे दुखणे परके नव्हते. १८०५ मध्ये स्पॅनिश गायक घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित टेनर, तर मारिया मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो या बहिणी युरोपभर गाजलेल्या. १८२५ मध्ये वडिलांच्या मंडळीबरोबर न्यूयॉर्कला जाऊन विशीतल्या मॅन्युएलने रोसिनीचा फिगारो रंगवला. पण त्याच्या आवाजाला रंगभूमीचा ताण सोसला नाही आणि काही वर्षांतच त्याने तिचा निरोप घेतला. १८३० मध्ये तो फ्रेंच फौजेबरोबर अल्जीरियाला गेला. पुढे लष्करी रुग्णालयांत त्याने स्वरयंत्राची रचना अभ्यासली. गवयाच्या मुलाने शरीरशास्त्राकडे वळावे, हे त्या काळी नवलच होते.

तरीही जिवंत माणसाचे स्वरयंत्र गाताना कसे हलते, हे कोडे उरलेच. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये फिरताना उन्हाची तिरीप चमकली आणि त्यांना युक्ती सुचली. लांब दांड्याचा दंतवैद्याचा छोटा आरसा कोमट करून त्यांनी घशात पडजिभेशी टेकवला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचेच स्वरतंतू उघडताना, मिटताना पाहिले. असे प्रयत्न पूर्वीही झाले होते. मात्र गाणाऱ्या गळ्याचे असे निरीक्षण कोणी मांडले नव्हते. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. पुढे ट्युर्क आणि चेर्माक या डॉक्टरांनी हे तंत्र रोगनिदानासाठी वापरात आणले.

टीकाही वाट्याला आली. स्वराचा आरंभ नेमका व स्वच्छ हवा, या त्यांच्या शिकवणीचा अनेकांनी गळ्याला हिसका देणे असा अर्थ लावला आणि बिघडलेल्या आवाजांचे खापर गार्सियांवर फुटले. वास्तविक जोर लावण्याविरुद्ध त्यांनी वारंवार बजावले होते.

१८४८ मध्ये लंडनला स्थायिक झालेल्या गार्सिया यांनी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८९५ पर्यंत शिकवले. १७ मार्च १९०५ रोजी त्यांची शंभरी साजरी करण्यास गायकांबरोबर घशाचे डॉक्टरही जमले. पुढल्या वर्षी १ जुलैला त्यांचे निधन झाले.