गोदाकाठी आलेले गुरू

लोह्याहून नांदेडला आपण जातो ते बाजाराला, दवाखान्याला किंवा लेकीच्या शाळेच्या कामाला. सचखंड गुरुद्वाराच्या सोनेरी घुमटाला दुरूनच हात जोडतो आणि पुढे होतो. पण पंजाबातील हा महापुरुष आमच्या गोदावरीच्या काठी का आला, असे विचारले तर पुष्कळ भगिनींना सांगता येत नाही. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला.

गुरू गोविंदसिंगांचा जन्म १६६६ साली पाटण्याला झाला. वडील गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये दिल्लीत औरंगजेबाच्या हुकमाने शिरच्छेद झाला, तेव्हा मुलाला नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या कोवळ्या वयात गुरुपद अंगावर आले. पाठीशी होती ती आई, माता गुजरी.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपूर येथे त्यांनी खालसा पंथ स्थापन केला. भर सभेत त्यांनी शिर मागितले आणि एकामागून एक पाच जण उठले. त्यांतले साहिबसिंग हे आपल्या शेजारच्या बीदरचे, जातीचे न्हावी. पाचही जण निरनिराळ्या जातींचे, आणि पाचांनी एकाच पात्रातून अमृत घेतले. त्या पाण्यात गुरुपत्नीने बत्तासे टाकले, असे परंपरा सांगते. तलवारीच्या पाण्यात गोडवा घालायला घरची बाईच लागली, हे मला फार आवडते.

पुढे आनंदपूरला वेढा पडला. गड सोडावा लागला आणि कुटुंबाची ताटातूट झाली. थोरले दोन मुलगे चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे दोघे आजीबरोबर पकडले गेले. सरहिंदच्या सुभेदाराने त्यांना भिंतीत चिणून मारविले आणि माता गुजरींनीही तेथेच प्राण सोडला. इथे कोणत्याही आईची लेखणी अडखळेल. चार मुलगे आणि आई, अवघ्या काही दिवसांत!

त्याच संकटात गुरूंना सोडून घरी परतलेल्या चाळीस शिखांना माई भागो नावाच्या बाईने लाज आणली. ती स्वतः शस्त्र घेऊन त्यांच्या पुढे झाली आणि मुक्तसरला लढली. ते चाळीसही तेथे कामास आले. माई वाचली, आणि पुढे गुरूंबरोबर थेट नांदेडपर्यंत आली.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. बादशहा बहादूरशहा भावाच्या पारिपत्यासाठी दक्षिणेत निघाला, त्याच्या छावणीबरोबर गुरू १७०८ मध्ये नांदेडला पोहोचले. येथे गोदाकाठी माधोदास बैरागी मठ करून राहत असे. तो गुरूंचा शिष्य झाला, बंदा बहादूर म्हणून पंजाबात गेला आणि सरहिंद त्याने जिंकले. गुरूंवर मात येथेच मारेकऱ्याने कट्यारीचा वार केला. जखम शिवली होती, ती पुन्हा उघडली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते निवर्तले. वय अवघे एकेचाळीस. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, असे त्यांनी ठरवून दिले. त्या ग्रंथात आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे किती जणींना ठाऊक आहे?

महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात गुरुद्वाराची इमारत उभी केली. पंजाबातून आलेल्या शिखांच्या पिढ्या येथेच रुजल्या. आता त्या आपल्यासारख्याच मराठी बोलतात. दसऱ्याला हल्लामहल्ल्याची मिरवणूक निघते, तीत गुरूंच्या घोड्यांच्या वंशातले म्हणून मानलेले घोडे असतात. माळेगावच्या यात्रेत घोडे पाहणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींनी ते अवश्य पाहावेत! नगिनाघाटाची आख्यायिका तर तांड्यावरच्या बायकांनी ऐकावी अशी आहे. एका बंजारा भक्ताने गुरूंना मौल्यवान खडा दिला, तो त्यांनी गोदेत फेकून दिला म्हणतात.

रोज पहाटे गोदावरीचे पाणी घागरीने गुरुद्वारात नेतात. दिवाळीच्या आधी तख्तस्नान होते, तेव्हाही पाणी गोदेचेच.

अंतकाळापूर्वी गुरूंनी पत्नी माता साहिब देवां यांना दिल्लीला पाठवून दिले होते, असे सांगतात. खालशाची माता म्हणून त्यांचा मान आहे. मुगटजवळ त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. माई भागो मात्र उत्तरेकडे परतली नाही. गुरूंमागे ती बीदरजवळ जनवाड्याला राहिली आणि तेथेच वृद्धपणी वारली. नांदेडच्या गुरुद्वारात तिच्या नावाचा बुंगा आहे. पुढच्या खेपेला बाजार आटोपला की तो विचारत जा. दाखवणारे कोणीही भेटते.